बकरीच्या पुस्तकावरची हळद

२५ ऑगस्ट, सोम.

आज तक्ता लावला. पांढरा कार्डशीट, निळ्या शाईच्या रेघा, तिसरीच्या अठ्ठावीस मुलांची नावं. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी. वाचलं म्हणजे चार ओळींत गोष्ट लिहून दाखवली. नुसतं "पढ़ ली मैडम" चालायचं नाही.

दुबे सर (हेडमास्तर, आधी पोट येतं, मागून सर) म्हणाले, "अरे वाह मैडम, फोटो लेंगे." फोटो! निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ म्हणून मी जूनमध्ये पहिल्यांदा या सरकारी शाळेत वाचनाचा तास घ्यायला गेले तेव्हा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेसुद्धा यांना ठाऊक नव्हतं. निम्मी पुस्तकं मी दारोदार मागून आणली. माझ्या मुलीची, मेघाची, लहानपणचीही त्यात आहेत.

नियम तीनच. हात धुवून तळवे दाखवायचे. खाकी कव्हर फाडायचं नाही. पान मुडपायचं नाही.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस पट्टीने नखं वर करून बघायची. तेव्हा फार राग यायचा. पण टेलिफोन ऑफिसातल्या सगळ्या नोकरीत एकाही रजिस्टरवर माझ्या बोटाचा डाग पडला नाही, तो कुणामुळे?

२९ ऑगस्ट, शुक्र.

आयुष नावाच्या मुलाच्या पाच दिवसांत पाच चांदण्या! चार ओळी अगदी नेमक्या. शाबासकी दिली. इतरांना म्हटलं, "इससे सीखो."

रोशनी मागच्या बाकावर बसते, दोन घट्ट वेण्या, लाल रिबन. शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधणाऱ्या सुनीताची मुलगी. हिने महिनाभर एकच पुस्तक धरून ठेवलंय. बकरी बसमध्ये बसून बाजाराला जाते, ते. एका पानावर दोन ओळी, बाकी चित्र. परत आणते, पुन्हा तेच नेते.

८ सप्टें., सोम.

पुन्हा बकरी.

"वही किताब?"

"जी."

"दूसरी क्यों नहीं लेती?"

"ये अच्छी है, मैडम."

"अच्छी है तो एक बार पढ़ ली, हो गया. चाँदनी एक ही मिलेगी."

"एक ही दे दीजिए."

उद्धट म्हणावं तर आवाज अगदी साधा. दिलं. पण मनात आलं, ही पोरगी आळशी आहे. सोपं पुस्तक धरून बसली की मेहनत नको.

१२ सप्टें., शुक्र.

पाऊस थांबत नाही. तरी गेले. वर्गात सोळाच मुलं. स्वयंपाकघराचं पत्र्याचं छप्पर एवढं वाजत होतं की माझा आवाज मलाच ऐकू येईना. तर आयुष म्हणतो, "मैडम, आज आप डाँट रही हैं कि कहानी सुना रही हैं?" सगळे हसले. मीही हसले असते, पण शिस्त.

२३ सप्टें., मंगळ.

आज डोकं फिरलं.

बकरीचं पुस्तक उघडलं तर आत पिवळे डाग. हळद. पानापानावर! मेघासाठी तिच्या बाबांनी आणलेलं पुस्तक ते. इतकी वर्षं मी जपलेलं.

"रोशनी, ये क्या है?"

तिने वेणीची रिबन ओढली.

"हल्दी है न? खाते-खाते पढ़ती हो?"

ती दाराकडे बघत होती.

"मैं कुछ पूछ रही हूँ."

"जी."

"जी क्या? ज़ोर से बोलो."

"खाते-खाते पढ़ती हूँ."

पुस्तक उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवलं. म्हटलं, "गंदे हाथों को किताब नहीं मिलेगी." मुलं फिदीफिदी हसली. दारात सुनीता डाळीची बादली घेऊन उभी होती. तिलाही सुनावलं, "अपनी लड़की को हाथ धोना सिखाओ." तिने पदर पुढे ओढला. "जी मैडम."

पुस्तक घरी आणलंय. वस्तूची किंमत नसलेल्यांच्या हाती वस्तू द्यायचीच कशाला.

६ ऑक्टो., सोम.

दसऱ्यानंतर शाळा सुरू. आयुष एकवीस चांदण्या. तक्ता उजवीकडे चिकटपट्टीने वाढवावा लागला.

रोशनी येते, बसते, पुस्तक घेत नाही. आज मीच चार चांगली पुस्तकं तिच्यासमोर मांडली. "कोई भी ले लो."

"नहीं मैडम. मेरे हाथ गंदे हैं."

टोमणा नव्हता त्यात. तेच तर टोचलं. हवामान सांगावं तसं सांगितलं.

संध्याकाळभर कानात तेच.

१० ऑक्टो., शुक्र.

रोशनीने आजही पुस्तक नाही घेतलं. आता विचारतही नाही मी.

२२ ऑक्टो., बुध.

मेघा बंगळूरहून आली आहे. घर फराळाने भरलंय आणि ती फक्त चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाते, चाळिशी गाठली तरी.

तिला मोबाईलवर तक्त्याचा फोटो दाखवला. कौतुकाने. तिने मोठा करून पाहिला आणि हसत सुटली.

"आई, अगं हा तक्ता अजून जिवंत आहे?"

"कुठला?"

"फ्रीजवरचा. माझा. चांदण्या, चार ओळी, सगळं."

विसरले होते मी. खरंच.

म्हटलं, "त्यामुळेच तर वाचायची सवय लागली तुला."

"सवय? चौथीपासून मी पहिलं पान वाचायचे आणि शेवटचं. तेवढ्यात चार ओळी व्हायच्या. मधलं कधीच नाही."

"मेघा, काहीही बोलू नको."

"तू मधलं कधी विचारलंसच नाही ना, आई."

मी चकल्या डब्यात भरायला लागले. ती मागून येऊन म्हणाली, "आता वाचते बरं का मी. रोज. कुणी विचारत नाही म्हणून."

समजूत घालायला म्हणाली असेल. पण लागलं ते लागलंच.

बकरीचं पुस्तक तिला दाखवणार होते. हळदीचे डाग जावेत म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलंय. साडीवरची हळदसुद्धा चार उन्हांत उडते. पहिली पानं उघडून वर काच ठेवली आहे, ऊन फिरलं की पान उलटते. ऊन छान आहे.

२५ ऑक्टो., शनि.

मेघा सकाळच्या गाडीने गेली. गच्ची रिकामी करायला वर गेले. पुस्तक उचललं. पहिली पाचेक पानं जवळजवळ स्वच्छ. बरं वाटलं. पुढचं पान उन्हात ठेवायला उघडलं आणि...

डाग पानभर नाहीत. खाताना सांडलेली हळद कुठेही पडते, चित्रावर, कोपऱ्यात. हे डाग ओळीखाली आहेत. प्रत्येक शब्दाखाली एक. बोट टेकवत टेकवत गेल्यासारखे. कठीण शब्दाखाली दोन-तीनदा टेकलेलं, तिथे गडद. जोडाक्षराखाली तर पानच खरबरीत झालंय.

माझं बोट त्यावर ठेवून पाहिलं. बरोबर बसलं. आठ वर्षांच्या मुलीचं बोट इतकं रुंद नसतं.

अकराव्या पानापर्यंत आहेत. बाराव्यावर काही नाही. तिथे मी पुस्तक काढून घेतलं.

आणि पहिली पाच पानं मी उन्हात घालून पुसून टाकली. कुणीतरी एकेका अक्षराला हात लावत केलेलं काम. कोण ते कळायला मला अजून काय हवं होतं? हळदीचे हात शाळेत कुणाचे असतात?

पुस्तक सावलीत, कपाटात, जाड कापडात गुंडाळून ठेवलंय. उरलेली सहा पानं तरी राहोत.

२७ ऑक्टो., सोम.

आज शाळा उघडली. मधल्या सुट्टीनंतर स्वयंपाकघरात गेले. सुनीता परात घासत होती.

म्हटलं, "वो किताब रोशनी नहीं, तुम पढ़ रही थीं?"

हात थांबला. तिने आधी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "हळू बोला ना, बाई."

मराठीत!

"तुला मराठी येतं?"

"पांढुर्ण्याची आहो मी, तिकडं मराठीच बोलतेत. मालक इथं खमरियाच्या फॅक्टरीत ठेकेदाराकडं लागले, म्हणून इकडं आलो. तुमी पोरीसंग फोनवर बोलता, ते ऐकून राहते मी."

"मग इतके दिवस बोलली काहून नाहीस?"

"तुमी रागावून राहिल्या होत्या. त्याच्या मंधात कुठी बोलू?"

शाळेच्या नियमाप्रमाणे आठवड्याचं जेवण स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, सोमवारी काय, मंगळवारी काय. तिने तिकडे हनुवटी केली.

"चार वरसं झाले, बाई. साऱ्या भिंतींवर लिवून आहे इथं. मी रेघा मोजते. वरून तिसरी म्हणजे बुधवार. पोरगी म्हणे, आई, बकरीचं पुस्तक सोपं आहे, दोनच ओळी. सैपाक झाला का रोज थोडं थोडं बसत होतो. इथंच, चुलीपाशी."

"हात धुवून तरी..." निघालंच तोंडातून. जीभ तोडून ठेवावी.

तिने दोन्ही तळवे पुढे केले. मुलं मला दाखवतात तसेच. ओले, घासलेले, आणि बोटांची टोकं पिवळी.

"धुतली तरी जात नाई, बाई. नव्वद पोरांचा सैपाक आहे."



विचारलं, "रोशनीने त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"साऱ्या पोरांले मी वाढते. त्याइच्यासमोर सांगन का ते, माह्या मायले वाचता येत नाई?"

"पुस्तक परत आणते. मी शिकवते तुला."

"नको."

"काहून?"

"पोरगी रागावत नाई."

आणि परात घासायला लागली. मी माफी मागायला गेले होते. निघताना तोंडातून काय निघालं? "कडा नीट घास." सत्तरीला आले आणि दोन शब्द म्हणता येत नाहीत.

२९ ऑक्टो., बुध.

दोन दिवस हाच विचार. अपमान वर्गासमोर केला, तर माफीही वर्गासमोर हवी. एवढं तर सिस्टर ॲग्नेसनेही शिकवलं होतं.

आज उभी राहिले. म्हटलं, "बच्चो, उस दिन रोशनी को डाँटा था न? उस दिन मैडम ग़लत थी."

"क्यों मैडम?" सगळ्यात आधी आयुष.

रोशनीने मान वर केली. अशी घाबरली होती ती पोर. डोळ्यांनी विनवत होती, नको. तेव्हा कळलं मला काय करून राहिले मी. खरं कारण सांगितलं तर तिने एवढं सोसून झाकलेलं मीच उघडं पाडणार. माझी चूक मी ज्या जागी केली त्या जागी ती दुरुस्त करता येत नाही.

कसंबसं म्हटलं, "क्योंकि किताब पर दाग़ लगे तो लगे. पढ़ने से ही लगता है."

"तो मैडम, अब हाथ नहीं धोना?"

"धोना!"

"पर दाग़ लगे तो लगे?"

हशा. मी खुर्चीत बसले. रोशनीने मान खाली घातली होती. सुटका झाल्यासारखी.

३१ ऑक्टो., शुक्र.

एक आमटीचं, दोन चिंचेच्या चटणीचं, एक कशाचं ते देव जाणे. डाग लागून परत आलेली चार पुस्तकं. काही बोलले नाही. तशीच कपाटात ठेवली.

आयुषला जवळ बोलावून विचारलं, "बीच में क्या हुआ था? राजा जंगल में क्यों गया?"

तो प्रामाणिक निघाला. "मैडम, बीच का तो आप पूछती ही नहीं हैं."

मेघाचंच वाक्य. एकतीस चांदण्या आहेत त्याच्या.

आजपासून चार ओळी बंद. तळवे बघणं बंद. तक्ता उतरवला. भिंतीवर चिकटपट्टीचा चौकोन राहिलाय.

७ नोव्हें., शुक्र.

दुबे सर दारात. "मैडम, चार्ट कहाँ गया? ऊपर से रीडिंग की फोटो माँगी है, ग्रुप में डालनी है."

"उतार दिया. उससे कोई पढ़ता नहीं था."

"अरे, पढ़ें न पढ़ें, दिखना तो चाहिए."

"आपको शर्म नहीं आती?"

"आती है मैडम, पर फोटो आज ही भेजनी है."

या माणसावर नीट रागावताही येत नाही. तक्ता दहा मिनिटांसाठी लावला. मुलं पुस्तकं उघडी धरून बसली, दोघांची उलटी. फोटोत आयुष पुढे, मान उंच करून. रोशनी मागे, रिकाम्या हाताने, डोक्यामागे तक्ता आणि तिच्या नावासमोर एक चांदणी.

अख्ख्या वर्गात पुस्तक खऱ्या अर्थाने वाचलं ते या एकीने. तेही दुसऱ्याला शिकवण्यासाठी. आणि त्या फोटोत ती सगळ्यांत मागे. तक्ता मी केलेला.

तक्ता घरी आणला आणि फाडला.

११ नोव्हें., मंगळ.

मेघाचा फोन. सगळं सांगितलं तिला, हळदीपासून परातीपर्यंत. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग म्हणाली, "आई, मग आता काय करणार?"

"काही सुचत नाही."

"तू आणि सुचत नाही!"

"हस. हस."

"हसत नाहीये गं. फक्त एक कर. शिकवायला जाऊ नकोस."

"मग काय करू?"

"पुस्तक ठेव आणि तिथून निघून ये. जमेल?"

जमेल का? आयुष्यात कुठलीही वस्तू दिली तर मागे उभी राहून ती नीट धरली की नाही ते पाहिलंय मी. मेघाला पहिली सायकल दिली तेव्हासुद्धा.

१७ नोव्हें., सोम.

शाळा भरायच्या आधी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर, हळदीच्या डब्याशेजारी, बकरीचं पुस्तक ठेवलं. खाकी कव्हर काढून. बाराव्या पानात कागदाची खूण घालायची होती, घातली नाही. तिला ठाऊक आहे कुठे थांबली ते.

रजिस्टरात नोंद केली नाही. कुणाच्या नावावर करणार?

१८ नोव्हें., मंगळ.

तिथेच आहे.

१९ नोव्हें., बुध.

तिथेच. वर फोडणीचा शिंतोडा उडालाय. उचलून पुसावं म्हणून हात पुढे गेला. मागे घेतला.

२० नोव्हें., गुरु.

नाही! कट्टा रिकामा. डबा आहे, पुस्तक नाही.

तिने नेलं असेल. किंवा आयुषने. किंवा कोणी चूल पेटवायला. सुनीता वाढत होती, माझ्याकडे पाहिलं नाही. मी विचारलं नाही. तोंड दाबून घरी आले आणि रस्ताभर स्वतःशीच विचारत आले.

२४ नोव्हें., सोम.

रोशनीने आजही पुस्तक घेतलं नाही. कपाट उघडं होतं, बाकी पोरांची झुंबड. ती खिडकीतून स्वयंपाकघराकडे बघत होती. काय बघत होती ते माझ्या जागेवरून दिसत नाही.

आयुष एका पुस्तकाच्या मधल्या पानावर आडवा पडलाय दोन दिवस. पुढे जात नाही. "मैडम, यहाँ बहुत मज़ा है." असू दे.

मलाच माझं एक आठवलं. सहावीत असताना मी एक फाटकं मराठी पुस्तक दप्तरात घेऊन फिरायचे. वर्गात मराठी चालायचं नाही. सिस्टर ॲग्नेसने एकदा पाहिलं. डाग होते त्यावर, आईच्या स्वयंपाकघरातले. दोन बोटांत धरून केराच्या टोपलीत टाकलं तिने. त्यानंतर मी पुस्तकं फार स्वच्छ ठेवायला लागले. पण मराठी पुस्तक पुढे कित्येक वर्षं हातात धरलं नाही.

हे मेघालाही कधी सांगितलेलं नाही.

२८ नोव्हें., शुक्र.

आज मधल्या सुट्टीनंतर पाण्याची बाटली वर्गात विसरले म्हणून परत फिरले. स्वयंपाकघरावरूनच वाट आहे. दार अर्धं उघडं. सुनीता माझ्याकडे पाठ करून भिंतीपाशी उभी. हातात ओलं फडकं. त्याचं टोक रंगवलेल्या जेवणाच्या यादीवर, वरून पाचव्या रेघेवर. शुक्रवार. फडकं सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. एका जागी बराच वेळ थांबलं.

पुसत होती की वाचत होती, कळलं नाही. ओठ दिसत नव्हते.

दोन पावलं पुढे टाकली असती तर कळलं असतं.

चपला हातात घेतल्या आणि मागच्या मागे फिरले. बाटली तिथेच आहे.